साखरेचें पांघरूण



आज सकाळीं आपण घरांतील नळ सोडला, तेव्हां तांब्यांत पडलेलें पाणी कोठून आलें, हा विचार आपणांपैकीं थोड्यांच्याच मनांत आला असेल. मुंबईकर श्रोत्यांपुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर बहुतेक ठरलेलें आहे : तें शहापूर तालुक्याच्या बाजूनें आलें. तानसा नदीवरील धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि पुढें वैतरणा व भातसा या नद्यांचें पाणीही शहराकडे वळविण्यांत आलें. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत बारवी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. त्याचें पाणी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या बाजूस जातें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या या दोन तालुक्यांवर पावसाळ्यांत मेघ रिते होतात, आणि लक्षावधि माणसांची वर्षभराची तहान भागते.

परंतु याच तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर चैत्र-वैशाखांत जाऊन पाहावें. विहिरींनीं तळ गांठलेला असतो. बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रांत झिरे खणून वाटीवाटीनें हंडा भरीत असतात, आणि टँकर येणार असेल त्या दिवशीं सारा पाडा वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. पुढें पहिला पाऊस पडला कीं दुसरें संकट उभें राहतें. चोहोंकडील घाण वाहत येऊन उघड्या विहिरींत व झिऱ्यांत उतरते.

मी हें पाण्याचें पुराण प्रारंभींच कां लावलें, असें आपण विचाराल. कारण असें कीं, आज मला ज्या जंतूविषयीं बोलावयाचें आहे, त्याचा रस्ता पाण्यांतून जातो. विषमज्वर, ज्याला आपल्या घरांतील वडील मंडळी मुदतीचा ताप म्हणत आणि डॉक्टर टायफॉइड म्हणतात, त्याचा हा जंतु. १८८० सालीं एबर्थ यांनीं तो सूक्ष्मदर्शकांतून पाहिला आणि १८८४ सालीं गाफ्की यांनीं तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. रोग्याच्या मलावाटे बाहेर पडावयाचें, पाण्यांत अथवा अन्नांत मिसळावयाचें, आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे त्याच्या आंतड्यांत शिरावयाचें, एवढाच त्याचा संसार. माणसाखेरीज दुसऱ्या कोणाच्या घरीं तो नांदत नाहीं. या जंतूची खरी करामत त्याच्या अंगावरील पांघरुणांत आहे. तें पांघरूण साखरेचें असून तें विणण्याचा नमुना त्याच्या जनुकांत लिहिलेला आहे. हा नमुना माणसाला कसा वाचतां आला आणि त्याचा उपयोग काय झाला, हें आज थोडक्यांत सांगावें असा माझा विचार आहे.

साखर म्हटलें कीं आपल्यापुढें चहाचा पेला उभा राहतो. रसायनशास्त्रांतील शर्करा हा शब्द त्याहून पुष्कळच व्यापक आहे. तांदळाची पेज, कापसाचा धागा, सबजाचें बीं पाण्यांत टाकलें असतां त्याभोंवतीं फुगणारा बुळबुळीत पापुद्रा, हीं सारीं शर्करेचे मणी ओवून झालेल्या माळांचींच रूपें होत. प्रत्येक जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर अशा माळा असतात, आणि आपलें कोण व परकें कोण हें शरीर पुष्कळदां या माळांवरूनच ओळखतें.

आपला रक्तगट हें याचें घरगुती उदाहरण. रक्ताचे गट असतात, हें लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं दाखविलें. तांबड्या पेशींवरील माळेच्या टोंकाला एका जातीचा मणी जोडला कीं 'ए' गट, दुसऱ्या जातीचा जोडला कीं 'बी' गट, दोन्ही असले तर 'एबी', आणि यांपैकीं एकही नसला तर 'ओ'. मणी जोडण्याचें काम विकर नांवाचें प्रथिन करतें, आणि तें विकर कसें घडावें हें जनुक ठरवितें. हा शेवटचा मणी ज्या आधारावर बसावयाचा तो आधारच ज्यांच्या रक्तपेशींवर नाहीं, अशीं माणसें प्रथम आपल्या मुंबईंत आढळलीं. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि मुंबईचें नांव या रक्तगटाला कायमचें चिकटलें. अशा माणसाला 'ओ' गटाचें रक्तही चालत नाहीं. आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो. एक जनुक बिघडलें, एक मणी गळला, आणि त्यावर माणसाचा जीव अवलंबून राहिला!

हाच कायदा जंतूंनाही लागू आहे. किंबहुना जनुक हें कोणत्या द्रव्याचें असतें, हा शोधच जंतूंच्या साखरेच्या पांघरुणामुळें लागला, असें म्हटलें तरी चालेल. न्यूमोनियाचा जंतु दोन रूपांत आढळतो. एकाच्या अंगावर शर्करेचें जाड वेष्टन असतें, त्याच्या वसाहती गुळगुळीत दिसतात आणि तो उंदरांना मारतो; दुसऱ्याच्या अंगावर वेष्टन नसतें, त्याच्या वसाहती खरबरीत दिसतात आणि तो निरुपद्रवी असतो. १९२८ सालीं लंडन येथील फ्रेडरिक ग्रिफिथ यांनीं उष्णतेनें मारलेले गुळगुळीत जंतु आणि जिवंत खरबरीत जंतु एकत्र करून उंदरांना टोंचले. उंदीर मेले, आणि आश्चर्य असें कीं, त्यांच्या रक्तांत जिवंत गुळगुळीत जंतु सांपडले. मेलेल्यांनीं जिवंतांना पांघरूण विणण्याची विद्या देऊन टाकली होती! ती विद्या कोणत्या द्रव्यांत सांठविलेली असते, याचा छडा न्यूयॉर्क येथील अ‍ॅव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी या तिघांनीं लावला आणि १९४४ सालीं जगाला सांगितलें कीं, तें द्रव्य म्हणजे डीएनए. आज शाळेंतील मुलांच्या तोंडीं असलेल्या या शब्दाच्या पाठीशीं एका जंतूचें साखरेचें पांघरूण आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

आतां आपल्या विषमज्वराच्या जंतूकडे वळूं. त्याच्या अंगावर शर्करेचे दोन थर असतात. अंगाला लागून असलेल्या पहिल्या थराला शास्त्रज्ञ 'ओ' प्रतिजन म्हणतात. रक्ताच्या 'ओ' गटाशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. मॅनोज, ऱ्हॅमनोज आणि गॅलॅक्टोज हे तीन मणी पुनः पुनः त्याच क्रमानें ओवून ही माळ होते, आणि मॅनोजच्या मण्याला टायव्हेलोज नांवाची चौथी शर्करा पदकासारखी लोंबत असते. पॅराटायफॉइड 'ए' या धाकट्या भावंडाच्या जंतूची माळ अगदीं तशीच. परंतु तिचें पदक पॅराटोज नांवाच्या निराळ्या शर्करेचें. हा भेद कसा पडला, हें मोठें मौजेचें आहे. विषमज्वराचा जंतु आधीं पॅराटोजच घडवितो, आणि नंतर एक विकर त्याची ठेवण पालटून त्याचें टायव्हेलोज करतें. पॅराटायफॉइडच्या जंतूपाशींही त्या विकराचें जनुक आहे. पण त्याच्या लेखांत आरंभींच अक्षर चुकल्यामुळें पुढील सर्व वाचन बिघडलें आहे. म्हणून त्याचें पदक पहिल्याच घडणीवर राहतें. 'दिन' आणि 'दीन' या शब्दांत फरक एका वेलांटीचा, पण अर्थ कोठल्या कोठें जातो, तसाच हा प्रकार.

आपल्या घरीं कोणाला चार दिवस ताप उतरला नाहीं म्हणजे 'विडाल' करून घ्या, असें सांगण्याची चाल आहे. १८९६ सालीं विडाल यांनीं प्रचारांत आणलेल्या या परीक्षेंत रोग्याच्या रक्तांत काय शोधतात? तर याच माळेविरुद्ध, आणि जंतूच्या पोहण्याच्या केसरांविरुद्ध, शरीरानें तयार केलेलीं प्रतिपिंडें. परंतु या माळेवरील कांहीं खुणा त्याच कुळांतील इतर जंतूंच्या अंगावरही असतात, आणि पूर्वीं येऊन गेलेल्या तापाचीं प्रतिपिंडेंही रक्तांत राहिलेलीं असतात. म्हणून एका विडालच्या आंकड्यावर विसंबणें बरें नव्हे. रोग्याच्या रक्तांतून प्रत्यक्ष जंतु वाढवून पाहणें, आणि तेंही औषध सुरू करण्यापूर्वीं, हा अधिक भरंवशाचा पुरावा होय.

दुसरा, बाहेरचा थर हें खरें पांघरूण. १९३४ सालीं आर्थर फेलिक्स व मार्गारेट पिट यांनीं तें ओळखलें, आणि मारकपणा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें घेऊन त्याला 'व्ही-आय' असें नांव दिलें. एकाच जातीच्या आम्लधर्मी शर्करेचे मणी एकापुढें एक ओवून झालेली ही लांबच लांब माळ जंतूला सर्व बाजूंनीं वेढून टाकते. २००१ सालीं विषमज्वराच्या जंतूचा संपूर्ण जनुकलेख, म्हणजे सुमारें ४८ लक्ष अक्षरें, वाचून प्रसिद्ध झाला. त्यांत या पांघरुणाचें काम पाहणारीं दहा जनुकें शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. त्यांची वांटणी एखाद्या मागावरील माणसांसारखी आहे : एक मुकादम, चार विणकर आणि पांच हमाल. विणकर आंतल्या सामान्य शर्करेला बदलून तिचे मणी करतात व ओवतात. हमाल तयार माळ जंतूच्या कवचांतून बाहेर नेऊन पृष्ठभागावर पसरतात. या कुळांतील बहुतेक भाऊबंदांजवळ हा माग नाहीं. परक्या डीएनएचा एक मोठा तुकडा केव्हांतरी या जंतूच्या जनुकलेखांत येऊन स्थिर झाला, आणि त्याबरोबर ही विद्या आली. ग्रिफिथच्या उंदरांत जें घडलें, तसेंच देणेंघेणें सृष्टींत फार पूर्वींपासून चाललेलें आहे.

मुकादमाचें चातुर्य तर विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. आंतड्याच्या पोकळींत क्षारांचें प्रमाण अधिक असतें, तोंवर तो माग बंद ठेवतो. जंतु आंतड्याची भिंत ओलांडून आंतल्या पेशींकडे निघाला, क्षार कमी झाले, कीं तो माग सुरू करतो आणि त्याच वेळीं पोहण्याच्या केसरांचें काम थांबवितो. कारण हे केसर व आंतला 'ओ' थर पाहूनच शरीराचे पहारेकरी सावध होतात. आतां केसर नाहींत, 'ओ' थर झांकलेला. रक्तांतील जंतुनाशक द्रव्यांना अंगाला नीट चिकटतां येत नाहीं, आणि पांढऱ्या पेशींना वेळेवर बोलावणें जात नाहीं. चोरानें घरांत शिरतांना जोडे काढून घोंगडी पांघरावी, तसा हा जंतु गाजावाजा न होऊं देतां यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथें जाऊन वस्ती करतो. दूषित पाणी पिऊन आठ-पंधरा दिवस होतात, घरांतील सर्वांना त्या पाण्याचा विसर पडतो, आणि मग पायरी पायरीनें ताप चढूं लागतो.

कांहीं रोगी बरे झाल्यावरही त्यांच्या पित्ताशयांत हे जंतु राहून जातात. माणूस धडधाकट दिसतो, पण त्याच्या मलावाटे जंतु बाहेर पडतच असतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हिची अशीच कथा १९०७ सालीं उघडकीस आली. अशा वाहकांच्या रक्तांत 'व्ही-आय' विरुद्धचीं प्रतिपिंडें पुष्कळदां विपुल असतात. त्यामुळें ज्या पांघरुणानें जंतु लपतो, त्याच पांघरुणाच्या खुणेनें त्याचा आश्रयदाता शोधून काढण्यास मदत होते.

आतां उपायांकडे वळूं. १९४८ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध विषमज्वरावर गुणकारी ठरलें, तेव्हां मुदतीच्या तापाची मुदतच संपली असें वाटलें. परंतु जंतु एकेका औषधाला दाद देईनासे होत गेले, आणि २०१६ सालापासून सिंध प्रांतांत पसरलेल्या जातीनें तर बहुतेक नेहमींचीं औषधें निकामी केलीं. तेव्हां रोग होऊंच न देणें हें अधिक शहाणपणाचें ठरतें. पांघरुणाची माळ शुद्ध करून तीच लस म्हणून टोंचावी, म्हणजे शरीर तिला ओळखावयास शिकेल, ही कल्पना पूर्वींच निघाली होती, आणि तिची परीक्षा नेपाळ व दक्षिण आफ्रिका येथें १९८० नंतरच्या दशकांत यशस्वी झाली. परंतु तींत एक उणीव होती. दोन वर्षांखालील मुलांचें शरीर नुसत्या शर्करेचा धडा घेत नाहीं, आणि मोठ्यांनाही तो फार दिवस स्मरत नाहीं. यावर तोड निघाली ती मोठी मार्मिक आहे. शर्करेची माळ धनुर्वाताच्या लशींतील प्रथिनाला रासायनिक रीतीनें जोडून द्यावयाची. प्रथिन हें लहान मुलाच्या शरीरालाही चांगलें ओळखतां येतें. त्याच्या संगतीनें तें शर्करेलाही ओळखूं लागतें व तिची आठवण ठेवतें. कडू औषध साखरेंत घोळून देण्याची आपली जुनी रीत. येथें साखरच प्रथिनाला जोडून द्यावी लागली!

अशी जोडलस हैदराबाद येथें तयार होऊन २०१३ सालीं भारतांत तिला परवाना मिळाला. २०१८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ज्या देशांत हा रोग मुरलेला आहे तेथें ती वापरावी अशी शिफारस केली. आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत, आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, नवी मुंबई महानगरपालिकेनें शहराच्या निम्म्या भागांतील नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोंचली. सरकारी यंत्रणेनें इतक्या मोठ्या प्रमाणावर या लशीचा उपयोग करण्याचा जगांतील हा पहिलाच प्रसंग होय. तथापि या लशीची मर्यादाही आपण ध्यानांत ठेवावी. पॅराटायफॉइड 'ए' च्या जंतूपाशीं 'व्ही-आय' चा मागच नाहीं. म्हणून या लशीचा धडा त्याच्याविरुद्ध कामास येत नाहीं. मग काविळीचे, अतिसाराचे, पटकीचे जंतु तर दूरच राहिले. पाण्यांतून येणाऱ्या दहा चोरांपैकीं एकाचीच घोंगडी आपण ओळखावयास शिकलों आहों.

येथें मी पुनः शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे येतों. जंतूचें हें पांघरूण शरीराच्या पहारेकऱ्यांना फसवितें, पण उकळत्या पाण्याला फसवीत नाहीं, आणि क्लोरीनलाही फसवीत नाहीं. दहा जनुकांची ती सारी हिकमत खळखळून उकळलेल्या एका भांड्यापुढें व्यर्थ आहे. मुंबईला जाणारें पाणी शुद्ध करून मगच नळांत सोडलें जातें, म्हणून आपण निश्चिंतपणें पेला तोंडाला लावतों. गांवांत हें काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचें. विहिरीचें पाणी किती आहे याचा अंदाज घेऊन त्यानें टी. सी. एल. पावडर मापून टाकावयाची, आणि पाण्यांत क्लोरीन उरला आहे कीं नाहीं हें ओ. टी. परीक्षेच्या थेंबांनीं पाहावयाचें. पाणी पिवळें झालें म्हणजे तें पिण्यास योग्य. काम साधें आहे, पण तें रोजच्या रोज झालें पाहिजे, आणि पावडर ठेवणीनें जुनी व निःसत्त्व झालेली नसावी. शिवाय जेथें विहीरच आटली आहे, तेथें जलसुरक्षकानें पावडर टाकावी तरी कशांत? झिऱ्यांतून वाटीवाटीनें जमविलेलें पाणी उकळावयास लागणारें सर्पणही त्याच बाईला डोंगरांतून डोक्यावरून आणावें लागतें, हें तिला उपदेश करण्यापूर्वीं आपण आठवावें.

शास्त्राचा हा प्रवास खरोखर थोर आहे. लंडनच्या उंदरांपासून निघून न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेंतून, हैदराबादेच्या कारखान्यांतून तो नव्या मुंबईच्या बालकाच्या दंडापर्यंत येऊन पोंचला. जंतूच्या जनुकांतील एकेक अक्षर वाचण्याइतकी माणसाची दृष्टि सूक्ष्म झाली. परंतु नव्या मुंबईहून शहापूरचा पाडा कांहीं सातासमुद्रांपलीकडे नाहीं. ज्या डोंगरांतील पाणी आपण पितों, त्या डोंगरांतील मुलाला लस आणि स्वच्छ पाणी हीं दोन्हीं मिळालीं पाहिजेत. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं. उद्यां सकाळीं नळ सोडाल तेव्हां तांब्यांतील पाण्याकडे एक क्षणभर पाहा, आणि तें जेथून आलें तेथील हंड्यांत आज काय आहे, याची चौकशी आपल्या प्रतिनिधींपाशीं करा, एवढेंच माझें मागणें आहे.